चौदा नंबरचा पाना

५:३४

हॅलो? … कोण, आदू? … व्हय, आईच बोलतोय, दुसरं कोण असणार गडमुडशिंगीत? … न्हाय, जेवायचं हाय अजून. भाकरी तव्यावर हाय. आज दिवस सहाला बुडतोय, कॅलेंडर बघितलं की… तू बोल. स्पीकरवर टाकून डब्यावर ठेवतो तुला.

… पण आज मंगळवार न्हवं? तुझा माझ्यासाठी रविवार हाय. अकरा ते सव्वाअकरा. … टोमणा न्हाय गं, तूच पाठवलास तो रंगीत तक्ता. हिरवा चौकोन म्हणजे आई. … आवडला की मला चौकोन!

… हां. … हां. … थांब, हळू. सीएचा फॉर्म? … आज शेवटची तारीख, मग भर की. … भरणार न्हाईस?

५:४१

अगं, ऐक ना… हो, हो… दोनदा नापास झालीस, माहीत हाय मला. … वेळ पुरत न्हाय. बरं. … दिवसाला किती? एकवीस कामं? त्या तक्त्यात? … आणि होतात किती? … चार.

गॅस बंद करतो, थांब. करपली एक बाजू.

… आण्णा आठवतात का तुला, संध्याकाळचे? शाहूपुरीच्या दुकानातले? … बरोबर! लाल साबण. तरी ग्रीस निघायचं न्हाय नखातलं. पाच वाजले की हात धुवायला लागायचे, सगळी गल्ली हसायची. बापूसो निघाले, घड्याळं लावून घ्या! … व्हय, आपला जैनांचा नियम, दिवस बुडायच्या आत ताटावर म्हणजे ताटावर. मग गिऱ्हाईक कुठलंही असू दे. … ते गारगोटीचे हंबीरराव! जळालेला पंप घेऊन बरोब्बर पाचला दारात. आण्णा म्हणायचे, "पावणं, उद्या पहिलं तुमचं." … आणि व्हायचंच.

५:४९

कसं म्हणजे? तू बघितलंयस की. सगळी हत्यारं फळीवर टांगायची. टेबल पुसायचं. आणि उद्याच्या पहिल्या कामाला लागणारा पाना तेवढा टेबलावर. शेजारी खडूनं नाव. एकच. … बाकीची कामं वहीत असायची की. पण टेबलावर एक. सकाळी शटर वर केलं की विचार करायचा न्हाय, पाना उचलायचा.

… आणि थंडीत सरळ न्हाय म्हणायचे लोकांना. दिवसापेक्षा मोठं काम धरायचं न्हाय. … मी भांडायचो तर नवऱ्याशी! गिऱ्हाईक जातंय म्हणून. कुठं गेलं? लोकच दुपारी यायला लागले.

… जेवतोय, जेवतोय. ताट समोरच हाय. तू बोल.

५:५४

… तो पाना? … तुला कधी सांगितलंच न्हाय का कुणी? … आण्णा पहाटे गेले. मग दुखवटा संपल्यावर तुझा भाऊ दुकानात गेला. ऋषभ तेव्हा दुकान विकायचं म्हणत होता, त्याला काय सुचत न्हवतं. शटर उघडलं… आणि टेबलावर चौदा नंबरचा पाना. शेजारी खडूनं, हंबीरराव.

…

… उभ्या उभ्या पाना उचलला त्यानं आणि पंप खोलायला बसला. … हंबीरराव? त्यांनी दुसऱ्याचा पंप मागून आणला तवर, पण आपला न्हाय हलवला दुकानातनं. बापूसोनं पहिलं आपलं म्हटलंय, म्हणाले.

५:५७

मग आता असं कर. तक्ता राहू दे. सकाळी उठल्यावर पहिला कुठला धडा? … त्याचं पुस्तक काढ. पान उघड. वर पेन्सिल ठेव. बाकीची सगळी कपाटात, दिसायला नकोत. … थांबतो मी. … हाय गं मला वेळ!

… ठेवलीस? आता फॉर्म. फोन चालू असू दे. … नंबर आला का मोबाईलवर? बघ नीट, चष्मा घाल.

६:०३

गेला? … वाच मला. … हां. … हां. शहाणी माझी बाई.

… खाल्ली की. भाकरी, दोडक्याची भाजी… … आवाज कुठनं येणार भांड्याचा, मी हळू जेवतो. … आदू, आईची उलटतपासणी करतीस? … बरं. न्हाय जेवलो. … हिकडं पण दिवस बुडाला की, एकच दिवस हाय सगळ्यांना. … न्हाय, पाणी पण सकाळीच. नियम तुला माहीत हाय. … येडे, एका सांजेनं काय होतंय? रडू नकोस, पुस्तक भिजंल.

… उद्या? उद्या तर बुधवार. तक्त्यात कुठं हाय? … साडेपाचला, संगं जेवायला? … मग मीपण आत्ताच ताट काढून ठेवतो टेबलावर, उद्याचं. … एकच की, दुसरं कशाला? … तुझं काय फोनला टेकून उभं करू?

… बरं. बरं, दोन काढतो. ठेव आता.