ओसरीचा चुना

पुलगावच्या एस.टी. स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर बहीण-भाऊ बसले होते. बहीण माहेरून सासरी परत निघाली होती.

"मळ्यातल्या टाक्याचं पानी हिरवं काऊन झालं, श्रावन?"

"उन्हानं झालं असन, अक्का."

"ऊन काय यंदाच पडून राह्यलं? टाक्यातले शिंपले कुठी गेले?"

"भाजून चुना केला. तू येनार म्हनून ओसरीच्या भितीले लावला."

"जिते शिंपले भाजले? मायनं नदीतून आनून सोडले होते ते. सारा गदूळपना पोटात घेत, आन् साफ पानी बाहेर सोडत."

"शिंपलेच ते. त्याईचं येवढं काय?"

"त्याईची घान तळाले बसे, तो गाळ माय वांग्याईले घाले. तेच वांगे खाऊन वाढला तू."

"हळू बोल, लोकं आयकून राह्यले."

"आयकू दे. इतके दिवस फडक्यानं गाळून पानी पेली मी, तुह्या बायकोसमोर शब्द नाई काढला."

"भीत तं चांगली दिसते ना?"

"दिसते ना. आता तहान लागली का तेच चाटजो."