चिंचेखालचे आजोबा

हसाल तर हसा, पण मला अजून लाज वाटते. आम्ही गोसावी, आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. मी नवी सून असताना अमळनेरच्या मळ्यात भाट आला, पिढ्यांची वही घेऊन. म्हणाला, "आजेसासऱ्यांची समाधी कुठं? सासूला विचारून सांग."

तेव्हा सासूशी माझा अबोला. विचारतं कोण? ज्या चिंचेखाली मी चोरून चिंचा खायची, तीच दाखवली. त्यानं बिचाऱ्यानं लिहून घेतलं, पायाही पडला. मी पदराआड हसले.

परवा पुतण्यानं धुळ्याहून भाटाच्या नातवाकडची ती वही आणली. माझे धाकटे दीर आबा हल्ली फार थकलेत. वाचून म्हणाले, "वहिनी, मी गेलो की माले आजोबाजवळच ठेवा."

मग माझ्यानं राहवलं नाही. बठ्ठं, अगदी सगळं, सांगून टाकलं.

"मंग आजोबा कोठे शेतस?"

"सासूबाईंनाच ठाऊक होतं. त्या गेल्या. मी विचारलंच नाही."

आबांनी मळ्यातल्या त्या चिंचेकडं बोट केलं.

"तठेच ठेवा माले," म्हणाले. "मी बी आता आजोबाच शे. वहीत लिखेल खरं तरी होऊ दे."