यल्लाप्पाची शिफारस

रचना : असं ताठ नका बसू आप्पा. हा काय रेशन कार्डाचा फोटो न्हाई.

परशराम : मग कशाचा हाय?

रचना : लिंक्डइनवर घालायचा. नोकरी देणारी माणसं आधी तोंड बघतात, मग खालचं वाचतात.

परशराम : तोंड बघून पॅटर्न करता येतोय का न्हाय, ते कसं कळतंय?

रचना : कळत न्हाई. म्हणून तर खालचं लिहायचं. हं, झाला फोटो. आता नावाखाली एक ओळ लागते, तुम्ही कोण ते सांगणारी. 'परशराम पावशे, एक्सपर्ट पॅटर्न मेकर, सत्तावीस वर्षांचा अनुभव.' बरं वाटतंय?

परशराम : एक्सपर्ट काढ.

रचना : का?

परशराम : ते दुसऱ्यानं म्हणायचं आस्तंय.

रचना : बरं, काढलं. पण पॅटर्न म्हणजे काय, ते माझ्या आफिसात एकालाही ठाऊक न्हाई. मी तुमची पुतणी, एचआरमध्ये चार वर्षं आहे, मलाच धड सांगता येत न्हाई.

परशराम : लोखंडाचा जो नग वतायचा, तसाच आदी लाकडाचा करायचा. त्यो वाळूत दाबायचा. काढून घेतला की जी पोकळी ऱ्हाती, तिच्यात रस वतायचा. एवढंच हाय.

रचना : 'पंप आणि व्हॉल्व्हचे लाकडी पॅटर्न' असं लिहिते. शिक्षण?

परशराम : धाव्वी. उचगावच्या शाळंत.

रचना : आयटीआय?

परशराम : न्हाय. जे काय शिकलो ते उद्यमबागेतल्या कारखान्यात, उभ्यानं.

रचना : आणि कारखाना सोडला दिवाळीत.

परशराम : मी सोडला न्हाय. त्यांनी काम्पुटरवरचं मशीन आणलं. ते थेट ठोकळा कातरतंय. आमा सहाजणास्नी घरला घालवलं. ह्ये लिवायचं काय?

रचना : नको. तारीख तेवढी घालते. हे सगळं कशासाठी चाललंय ते परत सांगते. गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीला माणूस पाहिजे. मशीननं केलेले पॅटर्न तपासायला. मशीन कुठं चुकलं ते हात फिरवून सांगणारा. जाहिरात इथंच आलीय, अर्जही इथूनच करायचा. तुमचं पान रिकामं दिसलं तर ते पुढच्या माणसाकडं जाणार. तीस वर्षांची, डिग्री झालेली पोरं पण अर्ज करणार की.

परशराम : करू देत.

रचना : म्हणून शिफारस लागते. तुमच्याबरोबर काम केलेल्या कुणीतरी दोन ओळी लिहून द्यायच्या. त्या तुमच्या नावाखाली सगळ्यांना दिसतात.

परशराम : मालक लिवत न्हाय.

रचना : ठाऊक आहे. म्हणून त्यांना विचारलंच न्हाई. दुसऱ्याला विचारलं.

परशराम : कुणाला?

रचना : गेल्या रविवारी तुमच्या पानावर कारखान्याचं नाव घातलं, तर साइटनंच दाखवलं, हे पण तिथं होते म्हणून. यल्लाप्पा बडिगेर. हुबळीत त्यांचं स्वतःचं पॅटर्न शॉप आहे, मुलगी बघते हिशेबबिशेब. मी तुमच्या नावानं निरोप धाडला, शिफारस लिहाल काय म्हणून. आप्पा, ऐकताय न्हवं?

परशराम : मला इच्यारायचं हुतंस.

रचना : विचारलं असतं तर नको म्हणाला असतासा. काल त्यांचं आलं. मराठीतच आहे. वाचते. 'परशराम पावशे माझ्या हाताखाली चौदा वर्षे होता. हात स्वच्छ. बोलणे कमी. त्याने केलेला एकही पॅटर्न माझ्या काळात परत आला नाही. यल्लाप्पा बडिगेर, माजी हेड मिस्त्री.' आप्पा, असली शेवटची ओळ मला बसून लिहायला जमली नसती. पानावर दाखवायचं काय, असं विचारतंय. होय म्हणू?

परशराम : न्हाय म्हण.

रचना : का?

परशराम : एक आलता परत.

रचना : चौदा वर्षांत एक. मग काय झालं?

परशराम : काय झालं ते तुला ठाऊक न्हाय. तुझ्या काकूलाबी न्हाय. हे बघ, रस थंड झाला की आकसतोय. म्हणून आमची मापाची पट्टी मुळातच वाईच मोठी आस्ती. बीडाची येगळी, पोलादाची येगळी, पोलाद जास्त आकसतंय. दिसाय दोन्ही एकच. टोकाला नंबर ठोकलेला आस्तोय, तेवढाच फरक.

रचना : हं.

परशराम : दोन हजार बारा साल. पोलादाच्या पंपाचं काम आलतं. यल्लाप्पाअण्णांनी कपाटातनं पोलादाची पट्टी काढून माझ्या टेबलावर ठेवली. दुपारी शेजारच्या टेबलावरच्या मष्णूनं ती नेली आन् आपली हितं टाकली. मी जेवून आलो आन् टेबलावर पडलेली उचलली. ती मष्णूची हुती. बीडाची. नंबर बघिटला न्हाय.

रचना : मग माप कमी आलं.

परशराम : सातशे मिलिमीटरला सात मिलिमीटर. सांजच्याला अण्णांनी तपासलं, त्येबी त्याच पट्टीनं, म्हणून त्यास्नी बरोबरच दिसलं. दीड म्हयन्यानं छत्तीस नग परत आले. मालकांनी इच्यारलं, पट्टी कुणी काढलीती. अण्णा म्हणाले, किल्ली माझ्याकडं आस्ती, मीच काढलीती, चुकीची निघाली आसंल. त्याच दिवशी त्यास्नी काढलं.

रचना : आणि तुम्हाला कधी कळलं?

परशराम : त्याच दिवशी. मष्णूच्या टेबलाखाली अण्णांची पट्टी सापडली. मी ती गुमान कपाटात नेऊन ठेवली.

रचना : त्यांना अजून ठाऊक न्हाई?

परशराम : तेरा वर्षं झाली. आपलीच चूक म्हणून बसलाय माणूस. त्यो पॅटर्न आपल्याच चुकीनं गेला म्हणून धरलाय, तवाच लिवलंय की माझा एकबी परत आला न्हाय.

रचना : आप्पा, मी एक सांगते, राग मानू नका. हे तुम्ही लिहिलेलं न्हाई. तुम्ही खोटं बोलला न्हाई. त्यांना जे वाटतं ते त्यांनी लिहिलं. आपण नुसतं होय म्हणायचं. आत्ता फोन करून सांगितलासा तर शिफारस जाणार, आणि दुसरं कोण देणार आहे? तुमचं मन हलकं होईल, पण त्यांचं काय होईल?

परशराम : तवाबी मी गपच बसलो हुतो. खोटं न्हवतो बोललो.

रचना : तसं न्हाई म्हणत मी.

परशराम : त्येंचा नंबर हाय त्यात?

रचना : आहे.

परशराम : लाव.

रचना : स्पीकरवर ठेवते. नको असेल तर मी बाहेर जाते.

परशराम : बस हितंच.

यल्लाप्पा : हलो, यारु?

परशराम : अण्णा, मी परशराम. बेळगावातनं.

यल्लाप्पा : पर्शा. किती वर्षानं रे. वाचलास काय मी लिहिलेलं? पोरगी म्हणत होती, अजून थोडं जास्त घाला आप्पा म्हणून. मी म्हटलं, साकु, पुरे. खरं तेवढंच घालायचं की.

परशराम : ते खरं न्हाय अण्णा.

यल्लाप्पा : काय खरं न्हाई?

परशराम : पोलादाच्या पंपाचं. तुमी पट्टी बरोबर दिलती. मष्णूनं ती नेली आन् मी त्येची उचलली. नंबर बघिटला न्हाय. तुमी तपासलासा ते त्याच पट्टीनं.

यल्लाप्पा : मष्णूचा टेबल तुझ्या डाव्या बाजूला होता.

परशराम : व्हय.

यल्लाप्पा : तुला हे आत्ता कळलं?

परशराम : न्हाय. नग परत आले त्याच दिवशी.

यल्लाप्पा : मी मालकासमोर उभा होतो, तेव्हा तू कुठं होतास?

परशराम : दारात.

यल्लाप्पा : हौदु. दारातच होतास. मी बाहेर निघालो तर तू बाजूला सरकून वाट दिलास. मला वाटलं, पोरगं घाबरलंय.

परशराम : त्या म्हयन्यात मला पर्मनंट करणार हुते.

यल्लाप्पा : केले?

परशराम : केले.

यल्लाप्पा : मी हुबळीला येऊन वर्षभर पॅटर्नला हात लावला न्हाई, ठाऊक आहे तुला? दारं-खिडक्या केलो लोकांच्या. डोळा गेला म्हणून डॉक्टरकडं जाऊन आलो. डॉक्टर म्हणतो, डोळ्याला काय न्हाई तुमच्या. मी म्हटलं, मग मला पट्टीचा नंबर कसा दिसला न्हाई.

परशराम : अण्णा.

यल्लाप्पा : इरली, असू दे. मी ठेवतो. गिऱ्हाईक आलंय.

रचना : रविवारी कुठलं गिऱ्हाईक आप्पा?

परशराम : ऱ्हाऊ दे. अर्ज करायचा ऱ्हायलाय न्हवं? कर. शिफारस नसली तरी कर.

(पुढचा रविवार, रचनाचं अनगोळचं घर.)

परशराम : अण्णांनी मंगळवारी जे बदलून धाडलं, ते परत एकदा वाच.

रचना : फोनवर वाचून दाखवलं होतं की. तुम्ही 'घाल' म्हणालासा आणि फोन ठेवलासा. मी घालू नका म्हणत होते ते ऐकलंच न्हाई.

परशराम : घातलंस न्हवं? मग वाच.

रचना : 'परशराम पावशे माझ्या हाताखाली चौदा वर्षे होता. हात स्वच्छ. बोलणे कमी. त्याचा एक पॅटर्न परत आला. स्वतःची चूक स्वतः सांगतो. उशिरा सांगतो.' आता बघा, हे वाचून कोण बोलावणार? मी रोज अर्ज चाळते, असली ओळ दिसली तर मीच पुढं जाईन.

परशराम : काल फोन आलता.

रचना : कुणाचा?

परशराम : शिरगावचा. मॅनेजर सोता बोलला. वय इच्यारलं. लाकडाचं इच्यारलं, सागवान का शिवण. वाकड्या जागंला माप कसं घेताय म्हणाला. ते सांगिटलं. मग म्हणाला, ही शिफारस लिवलीय ती खरी काय.

रचना : आणि?

परशराम : व्हय म्हटलं. तर म्हणाला, उशिरा म्हंजे किती.

रचना : काय सांगितलं तुम्ही?

परशराम : तेरा वर्षं.

रचना : आप्पा.

परशराम : मला वाटलं फोन कटला. पर तिकडनं मशीनचा आवाज येत हुता.

रचना : मग?

परशराम : मग म्हणाला, आमच्यात त्याच दिवशी सांगावं लागंल, भट्टी पेटायच्या आदी. जमंल काय? मी म्हटलं जमंल. बेस्तवारी या म्हणाला, हातानं दोन पॅटर्न तपासून दाखवा, मग बघू.

रचना : म्हणजे नोकरी अजून न्हाई.

परशराम : न्हाय. बघू म्हणालाय.

रचना : तरी पण. मी यल्लाप्पा काकांना कळवते, त्यांच्यामुळंच फोन आला.

परशराम : तू नको कळवूस. मी दोनदा लावला. उचलत न्हाईत.

रचना : मग काय करायचं?

परशराम : बेस्तवारचे कागद तेवढे काढून ठेव. आन् बुधवारी हुबळीला सकाळची पयली गाडी कवा हाय, ते बघ त्यात.