उंदराचा उजवा हात

पापनाशमच्या बसमध्ये सरोजाबाईंचे कान मागच्या बाकावरच्या बापलेकीकडे लागले होते.

"अप्पा, प्रयोगशाळेत जमलं! उंदराच्या मेंदूत अगदी खोल, तिळाएवढाच पक्षाघाताचा झटका देता आला. आजवर प्रत्येकाचा अर्धा मेंदू जायचा."

"माझ्यासारखा झटका?"

"हुबेहूब तुमच्यासारखा! चालतो नीट, पण उजव्या हातातून दाणा पडतो."

"मग डाव्यानं खातो म्हण की. त्याला कोण हसतंय? आजच्या लग्नात मी पंगतीला बसणार नाही, सांगून ठेवतो. पानावर डावा हात घालू होय?"

"ऐका तरी! त्याचा डावा हात आम्ही छोट्या बंडीत बांधून टाकला."

"अगं दुष्टे!"

"तीन दिवस नुसता चिडला. काल उजव्यानं दाणा उचलला, अप्पा! तोंडापर्यंत नेला!"

"पडला नाही?"

"दोनदा पडला. तिसऱ्यांदा खाल्ला."

सरोजाबाई मान न वळवता किंचित मागे रेलल्या.

"गायत्री, पापनाशम किती लांब आहे?"

"अर्धा तास. का?"

"हे माझं खांद्यावरचं अंगवस्त्र घे. डावा हात कमरेशी बांध. घट्ट बांध गं, सांबार वाढायला लागले की मी लबाडी करेन."