अडीच इंच

एल्को गावातल्या गॅरेजात वर्नन आपल्या पिकअपचा टायर बदलून मिळायची वाट पाहत बसला होता. शेजारच्या बाकावर म्हातारा एचेव्हेरी आणि त्याची लेक माइते बसली होती. ती खेडोपाडी फिरणारी नर्स. तिच्या पिकअपची बॉडी चाकांपासून किती इंच उंच करून घ्यायची, यावरून दोघांची जुंपली होती.

"सहा इंच! अख्ख्या गावानं वळून बघावं."

"वळून बघायला घेतलीय का मी ती? रोज दीडशे मैल जाते तिच्यातून."

"म्हणूनच म्हणतो. ओढ्यात दगडांना पोट घासतं तिचं."

"ते अडीच इंचांतही थांबेल. सहा केले तर वळणावर डोलेल."

"एचेव्हेरीची पोरगी डोलायला घाबरते?"

"बाबा, लोर्डेस आजींना डायलिसिसला मीच नेते. ब्याऐंशी वर्षांची बाई चढणार कशी तेवढ्या उंच?"

"मी उचलून बसवीन."

"तुम्ही? परवा मेंढीचं कोकरू उचललंत, तर दोन दिवस पाठ धरून होतात!"

"बरं बाई. गेल्या हिमवादळात तिघांना तूच आणलंस ना दवाखान्यात?"

"चौघांना."

"चौघांना! ऐकलंत?" म्हाताऱ्यानं काउंटरवरच्या मेकॅनिकला हाक मारली. "अडीच इंचच उंच करा. आणि काम चोख करा, नर्सची गाडी आहे."

मग तो वर्ननकडे वळला.

"तुमची किती उंच केलीय?"

"सहा इंच."

"असू दे, असू दे. तुम्हाला कुणाला दवाखान्यात न्यायचं नसेल."