मेथीचा भाव आणि रक्ताचा आकडा

निवृत्त शिक्षिका साधनाबाईंनी नाशिकच्या एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत बाकावर बसून मासिक उघडलं खरं. पण त्यांचे कान शेजारी लागले होते. सायखेड्याच्या भाजीवाल्या कुसाबाई आणि त्यांची सून तेजस्विनी रक्त किती पातळ झालंय, त्या आकड्याच्या रिपोर्टची वाट पाहत होत्या.

"तेजू, आज आकडा चुकला तं?"

"डॉक्टर ॲडमिट करणार. मागं गुठळी होऊन तोंड वाकडं झालेलं, विसरलात?"

"रक्त पातळ करायची गोळी रोज घेते की! एक दिस चुकवली नाय."

"गोळी नाही चुकली, आत्याबाई. मेथी चुकली."

"मेथीनं काय घोडं मारलं?"

"बाजारात भाव पडला की उरलेल्या जुड्या घरी. मग चार दिवस मेथीच मेथी. भाव चढला की ताटात पानसुद्धा नाही. पालेभाजी एकदम वाढली की गोळीचा जोर घटतो, एकदम तुटली की वाढतो. डॉक्टर म्हणाले, खाऊ द्या, पण रोज सारखीच."

"म्हणून महिनाभर वाटीनं मोजून वाढत व्हतीस? मला वाटलं, सून कंजूस निघाली!"

"कुसाबाई!" खिडकीतून हाक आली. तेजस्विनीनं धावत जाऊन कागद आणला.

"अडीच! दोन ते तीनच्या बरोबर मध्ये!"

"म्हंजी?"

"पास झालात!"

"जल्मात शाळा पाहिली नाय, अन् पास?"

साधनाबाईंच्या हातून नकळत टाळी वाजली.

"मग तेजू, आता गोळी बंद?"

"छे! डॉक्टर सांगतील तोवर चालूच."

"घेते गं बाई. वरच्या वर्गात बसवलंय मला, आता खाली नाय यायचं!"