जवाचा चोथा

नळदुर्गच्या एस्टीसाठी तुळजापुरात थांबलो होतो. मागच्या बाकड्यावर सोजरबाई नावाची बाई मैत्रिणीला सांगत होती.

“आमचे मालक बंगळूरला बिअरच्या कारखान्यात हायती न्हवं? सुट्टीवर येताना त्येंनी बिअर काढून उरलेला जवाचा चोथा वाळवून आनला. म्या ज्वारीसंगं दळून भाकरी केल्या.”

“अगं बया! आन् तुजी सासू तर माळकरी!”

“त्येंला कुठं ठावं? लई गोड लागतीया म्हनून दुसरी भाकरी मागितली. मला ऱ्हावलं न्हाय. म्हनलं, ‘आत्याबाई, ह्यो दारूचा चोथा हाय.’”

“मग? ताट सरकावलं आसंल!”

“व्हय, सरकावलं की. माज्याच म्होरं! म्हनल्या, ‘दारू गेली सायबाच्या पोटात. दान्यानं काय पाप केलंय? वाढ.’”